उल्हासच्या पाण्यावरून कोंढाण्याकडे

अलीकडे आमच्या नात्यातलं कुणी ना कुणी व्हिएतनामला जाऊन येतं आणि मग सगळ्यांच्या फोनवर तेच फोटो येऊन पडतात. निन्ह बिन्हची संथ नदी, दोन्ही अंगांना उभे चुनखडीचे डोंगर आणि प्रवाशांना घेऊन सरळ डोंगराच्या पोटात शिरणारी वल्ह्याची होडी. ताम कोकला अशा तीन गुहा एकामागून एक लागतात. वल्हवणाऱ्या बायका मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारतात. शेजारच्या त्रांग आनला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दिवसभराची ही सहल बघण्यासारखी असणारच. परवा भाचीने असेच फोटो दाखवता दाखवता विचारलं, "मावशी, आपल्याकडे का गं नाही असं काही?"

मी तिला खडकाचं कारण सांगितलं. चुनखडी पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात विरघळते, म्हणून तिथे नदीच डोंगर पोखरून आरपार वाट काढते. आपला सह्याद्री बसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. हा काळा कातळ पाण्यात विरघळत नाही. पाणी त्याला घासतं, फोडतं, गोटे फिरवून त्यात रांजणखळगे पाडतं. निघोजला कुकडीच्या पात्रात ते बघायला लोक जातात. पण होडी घेऊन आत शिरावं असा बोगदा काही नदीने आपल्यासाठी कोरलेला नाही. आपल्याकडची गुहा माणसाने छिन्नी-हातोडीने कोरली, आणि कोरताना बहुतेक ठिकाणी पाणी जवळ बघून कोरली.

एवढं सांगून झाल्यावर मला राहवेना. कारण नदीवरून, तराफ्यावर बसून, कातळाच्या कपारीखालून सरकत सरकत लेण्यांना जायची सहल मी लहानपणी केलेली आहे. कर्जतला, उल्हास नदीवर.

माझं आजोळ कर्जत आणि कोंडिवड्याच्या मधल्या एका गावातलं. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. १९८१ च्या जानेवारीत ते रायगड झालं. सत्तरच्या दशकात दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिथे गेलो की एक दिवस कोंढाणे लेण्यांचा ठरलेला असे. धाकटा मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्याच्या लेखी ही सहल म्हणजे शाळेचाच एक तास, फक्त लांबलेला. भात कापून झालेलं असायचं, खळ्यांवर झोडणी चाललेली असायची, नदी पावसाळ्यातला गढूळपणा टाकून निवळ झालेली असायची. पावसाळ्यात त्या वाटेला कुणी पोरांना नेत नसे आणि मे महिन्यात वरच्या अंगाला नदीत पाणीच नसे. कार्तिक-मार्गशीर्ष हाच खरा हंगाम.

पहाटे आजी भाकऱ्या थापायला बसायची. तांदळाच्या, पातळ, हाताएवढ्या नव्हे तर परातीएवढ्या. बरोबर लसणीची चटणी, कांदे, आणि मोठ्यांसाठी जवळ्याची कोरडी सुकट. मामाच्या खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात दोरीचं वेटोळं, बॅटरी, आणि त्याचा दाढीचा आरसा. आरसा कशाला हे आम्हाला ठाऊक असायचं, पण नव्याने आलेल्या भावंडाला मुद्दाम सांगायचं नाही असा आमच्यात ठराव होता.

वाट नदीनेच जायची. आज हे सांगितलं तर कुणाला पटत नाही, कारण आज रस्ता नदीपासून बाजूला पडून जातो आणि गाडीच्या काचेतून ती मधूनमधून झाडांच्या फटीत दिसते तेवढीच. आम्ही मात्र पात्रातून चालायचो. पायाखाली गोटे, मग वाळूची पट्टी, मग गुळगुळीत कातळ, मग उतार. उतार म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागा. ती दरवर्षी तीच असेलच असं नाही. पुराने गोटे हलवले की उतारही हलायचा. म्हणून काठावरच्या वाडीत विचारून मगच पाय टाकायचा. आई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, वहाणा हातात घेऊन, दुसऱ्या हाताने मला धरून पलीकडे जायची. ज्या बाईला मी मुंबईच्या चाळीत कायम घाईत पाहिलेलं, ती तिथे पाण्याच्या मध्यावर थांबून उगाच वरच्या डोंगराकडे बघत राहायची, हे मला अजून स्पष्ट आठवतं.

मग डोह लागायचा. तिथे दोन्ही बाजूंनी कातळ चालून आलेला आणि मधलं पाणी हिरवं, खोल. काठाने जायला जागा नाही. वरून वळसा घालायचा तर करवंदीच्या जाळ्यांतून चढून उतरावं लागे. त्या डोहावर कातकरी पोरांचा तराफा असायचा. केळीचे जाडजूड खुंट एकमेकांना बांबूच्या खुंट्यांनी टोचून, वेलांनी आवळून केलेला. केळीचा खुंट पाण्याने टम्म भरलेला असला तरी तरंगतो, कारण त्याच्या पापुद्र्यांत हवेचे कप्पे असतात. हे मामाने एक खुंट आडवा कापून आम्हाला दाखवलं होतं. तराफ्यावर एका वेळी दोघं-तिघं मुलं आणि मागे उभा राहून बांबू रोवणारा एक पोरगा. तो आमच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठा, पण पाण्यावर त्याचा रुबाब असा की मामासुद्धा त्याचं ऐके. "हालू नको गं," एवढंच तो म्हणायचा आणि तराफा सुटायचा.

डोहाच्या मध्याला डाव्या हाताला कपार होती. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. नदी वरच्या-खालच्या काळ्या कातळाला फार काही करू शकत नाही, पण हा मऊ पट्टा मात्र ती खरवडून नेते आणि वरचा कातळ छपरासारखा पाण्यावर पुढे आलेला राहतो. तराफा त्या छपराखालून जायचा. आत गारवा. डोक्यावर हातभर अंतरावर दगड, दगडाला पाकोळ्यांची मातीची घरटी, आणि पाण्यावरून उठलेला उजेड त्या दगडाच्या पोटावर थरथरत फिरतो आहे. बांबू कातळाला लागला की त्याचा ठक्क आवाज कपारीत घुमायचा. अंतर किती असेल? आज मोजलं तर फार भरणार नाही. पण त्या छायेतून पलीकडच्या उन्हात तराफा निघाला की समोर नदीचं वळण, त्यावर रानाचा चढ आणि त्याच्या माथ्यावर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, असं सगळं एकदम उघडायचं. ताम कोकचे फोटो बघताना मला जे आठवतं ते हे.

तराफ्याचे पैसे ठरलेले नसत. मामा चार-सहा आणे आणि भाकऱ्या द्यायचा. पोरं भाकरी तिथेच काठावर बसून, पाण्यातून पकडलेल्या मुठ्यांबरोबर खायची. दगडाखाली हात घालून खेकडा काढण्याचं त्यांचं कसब बघत आमचा निम्मा वेळ तिथेच जायचा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा हीच पोरं रात्र रात्र नदीत उभी असतात, असं मामा सांगायचा. नदी कुणाची, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्या पोरांची असंच म्हटलं असतं.

दरीच्या पलीकडच्या अंगाने बोरघाटाची रेल्वे चढते. १८६३ साली हा घाट पुरा झाला आणि गाड्या पुण्यापर्यंत सलग जाऊ लागल्या. सदतीसात एक असा चढ, त्यामुळे कर्जतला गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात आणि तेवढ्या वेळात फलाटावर बटाटेवडा खाऊन होतो. खाली नदीत असताना आम्हाला गाडी दिसायची नाही, फक्त तिचा घरघराट डोंगराला आपटून खाली यायचा. मामा आवाजावरून गाडी चढते आहे की उतरते आहे ते ओळखायचा आणि घड्याळ न बघता वेळ सांगायचा.

नदी सोडून रानात शिरलं की चढ. साग, ऐन, कारवीचे दाट दांडे, पायवाटेवर पालापाचोळा. घामाघूम होऊन वर पोचतो न पोचतो तोच झाडी बाजूला होते आणि समोर कड्याच्या पायथ्याला चैत्यगृहाची ती प्रचंड कमान. कोंढाण्याचं पहिलं दर्शन नेहमी असंच, अचानक. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं हे लेणं. त्याच्या कारागिरांना लाकडाच्या इमारती माहीत होत्या, म्हणून त्यांनी दगडात तुळया, वासे, जाळ्या, सज्जे असं सगळं लाकूडकाम कोरलं. कमानीच्या बाजूच्या पट्ट्यांत नाचणारी जोडपी आहेत. एका पुरुषाच्या हातात धनुष्य आहे आणि शेजारची बाई अशी वळलेली की तिचं पाऊल आत्ता पडेल. आतल्या खांबांचा खालचा भाग बराचसा झिजून, तुटून गेला आहे. काही खांब तर छताला लोंबल्यासारखे दिसतात. पाण्याने आणि ओलीने दोन हजार वर्षांत एवढं काम केलं आहे.

आणि मग आरसा. दर्शनी भागाच्या एका बाजूला मोठ्या आकाराच्या यक्षाचं डोकं आहे, चेहरा भग्न झालेला, पण डोईवरचं नेटकं शिरोभूषण ओळखू येतं. त्याच्या जवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. समोरून बघितलं तर दगडावरच्या ओरखड्यांत ती हरवते. मामा उन्हात उभा राहायचा, दाढीचा आरसा तिरपा धरायचा आणि उजेडाची पट्टी त्या दगडावरून आडवी, सावकाश फिरवायचा. आडव्या उजेडात प्रत्येक खाचेला सावली पडते. एकेक अक्षर असं वर येऊन उभं राहायचं की अंगावर काटा यायचा. मामा बोट न लावता वाचायचा: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. बास. राजाचं नाव नाही, दानाचा आकडा नाही. गुरूचं नाव आधी आणि स्वतःचं नंतर. मास्तर असलेल्या मामाला ही ओळ का आवडत होती हे मला खूप पुढे, मी स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

हे लेणं एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री नावाच्या गृहस्थांनी प्रथम अभ्यासकांच्या नजरेला आणलं, पाठोपाठ ठाण्याचे कलेक्टर लॉ साहेब येऊन गेले, आणि १८८० साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या भारतीय लेण्यांवरच्या ग्रंथात त्याची नोंद झाली. मामाला हे सगळं तोंडपाठ होतं. पण त्याचा आवडता विषय वेगळा होता. तो आम्हाला लेण्याच्या ओट्यावर, नदीकडे तोंड करून बसवायचा आणि विचारायचा, "भिक्खू इथंच का राहिले? इतक्या आडरानात?" मग तोच सांगायचा: हे आडरान नव्हतंच. खाली खाडीच्या तोंडाशी कल्याण, जुनं बंदर. गलबतं तिथवर यायची. तिथून उल्हासच्या काठाकाठाने तांडे वर सरकायचे आणि घाट चढून भाजे, कार्ले, बेडसे यांच्या बाजूने देशावर उतरायचे. मालाची बोट जिथे संपते तिथून बैल सुरू होतो आणि बैल दमतो तिथे विहार लागतो, असं मामा म्हणायचा. नदी म्हणजेच रस्ता. त्या रस्त्याच्या कडेला माणसाने पाणी, सावली आणि चार शब्द ऐकायला मिळण्याची सोय दगडात करून ठेवली.

कर्जत तालुक्यात दुसरं असं लेणं आंबिवलीला आहे, पेठच्या किल्ल्याच्या म्हणजे कोथळीगडाच्या वाटेवर. तिथेही नदीच, चिल्लार. काठावरच्या बुटक्या टेकाडात एक मोठं चौकोनी दालन, तीन बाजूंना खोल्या, भिंतीलगत बसायला सलग ओटा. कोंढाण्याचा थाट त्याला नाही, पण व्हरांड्यात उभं राहिलं की पायाखालीच नदीचं वळण. मला स्वतःला राहायला सांगितलं असतं तर मी आंबिवली निवडलं असतं.

आता आजचं सांगते.

गेल्या हिवाळ्यात भाचीला, तिच्या नवऱ्याला आणि त्यांच्या मुलाला घेऊन कोंढाण्याला गेले. मुंबईहून द्रुतगती मार्गाने खालापूरच्या टोलनाक्याला बाहेर पडलो आणि कर्जत गाठलं. पूर्वी ज्याला पहाटेची लोकल, मग एसटी, मग पायपीट लागायची, ते गाणी ऐकत बसल्या बसल्या झालं. हे चांगलंच आहे. माझे गुडघे आता पात्रातल्या गोट्यांवरून तासन्‌तास चालायचे नाहीत. कोंडिवड्याच्या बाजूला घरोघरी जेवणाची सोय आहे. तांदळाची भाकरी, पिठलं, मटण, सांगाल ते. जी बाई आम्हाला वाढत होती तिने बोलता बोलता सांगितलं की राजमाचीला जाणाऱ्या मुलांच्या जेवणावर तिच्या मुलीचं कॉलेज झालं. पूर्वी याच बायका करवंदांच्या पाट्या डोक्यावर घेऊन कर्जतच्या फलाटावर दिवस काढायच्या. रानात आम्हाला फक्त मुलींचे दोन-तीन गट भेटले, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, बरोबर कुणी बाप्या नाही. माझ्या आईच्या काळात हे कुणाला स्वप्नातही शक्य वाटलं नसतं. हे बघून बरं वाटलं आणि ते मनापासून सांगते आहे.

पण नदी कुठे आहे?

आहे, तिथेच आहे. मात्र तिच्यापर्यंत पोचायला वाट नाही. काठाने कंपाउंडच्या भिंती, तारा, फार्महाउसांची फाटकं. 'रिव्हर टच' अशी पाटी लावलेले भूखंड. ज्या उताराने आई लुगडं खोचून पार व्हायची, तिथे जायला एका बंगल्याच्या पहारेकऱ्याला विचारावं लागलं. तो बिचारा भला माणूस, त्याने सोडलं. खाली जाऊन बघितलं तर गोट्यांच्या मधे काचा, वेफर्सच्या पिशव्या, डायपर. डोह आहे. पण त्याच्या अलीकडच्या वाळूच्या पट्ट्या उपसून नेल्यामुळे पाण्याची कड बदलली आहे. तांबड्या पट्ट्याची कपार मी लांबून ओळखली. तिच्याखालून जायला तराफा नाही, तराफा करणारी पोरं नाहीत. ती पोरं आता वीटभट्ट्यांवर जातात. कातकऱ्यांची कुटुंबंच्या कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात, म्हणजे नदीच्या सगळ्यात सुंदर महिन्यांत ती नदीवर नसतातच.

होड्या मात्र आल्या आहेत. पावसाळ्यात कोंडिवड्याच्या बाजूला उल्हासच्या फेसाळत्या पाण्यावर रबरी तराफ्यातून राफ्टिंग चालतं. हेल्मेट, लाइफजॅकेट, तालावर वल्ही मारायला सांगणारा प्रशिक्षक. पोरांना मजा येते, आणि जॅकेट घालूनच पाण्यात उतरायचं ही सवय लागली तर फारच उत्तम. आमच्या तराफ्यावर जॅकेट नव्हतं, आणि बुडून गेलेल्यांच्या गोष्टी आजोळी प्रत्येक घरात होत्या. आजही कर्जत-खालापुरात दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि डोहांत शहरातली तरुण मुलं जातात, आणि प्रशासनाला तिथे बंदीहुकूम काढावे लागतात. पाणी किती खोल, कुठे भोवरा, वर पाऊस पडला की किती वेळात लोंढा खाली येतो, हे ज्याला ठाऊक होतं त्या पोराच्या शब्दाबाहेर मामा जात नसे. आज ते ज्ञान सांगणारा कुणी काठावर उभा नसतो. असला तरी त्याचं ऐकायचं असतं हे येणाऱ्याला माहीत नसतं.

उल्हासवर होड्या आल्याची आणखी एक आठवण सगळ्या महाराष्ट्राला आहे. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली. २७ जुलैला हजाराहून अधिक प्रवाशांना एनडीआरएफच्या रबरी बोटींतून, गावकऱ्यांच्या मदतीने बाहेर काढलं. दूरदर्शनवर तो तपकिरी समुद्र बघताना मला पटत नव्हतं की ही आमचीच नदी. पण नदीने काही नवीन केलं नव्हतं. पुराचं पात्र तिचंच होतं, आपण त्यात भराव घातले, घरं बांधली. आणि खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा तर बोलायला शब्दच राहिले नाहीत. मामाने आम्हाला एकदा इर्शाळगडाच्या पायथ्याला नेलं होतं, त्या वाडीत आम्ही पाणी प्यायलो होतो. ज्या डोंगराच्या आधाराने पिढ्या जगल्या तो पावसात असा खाली येतो, हे त्या डोंगरावर प्रेम करणाऱ्याने तरी विसरू नये.

पाण्याचंच आणखी एक सांगायचं राहिलं. कर्जतच्या नद्या तेव्हा जशा दिसायच्या तशा त्या 'मूळच्या' होत्या असं मला वाटायचं, पण तसं नाही. पेज नदी उन्हाळ्यातही वाहते ती टाटांच्या भिवपुरी वीजघरामुळे. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण, तिथलं पाणी घाटमाथ्यावरून नळांतून खाली उतरवून १९२२ पासून भिवपुरीला वीज होते आणि काम झालेलं पाणी पेजेत सोडतात. खोपोलीचं वीजघर त्याहून जुनं, १९१५ चं; त्याचं पाणी पाताळगंगेला मिळतं. म्हणजे देशावरून बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी शंभर वर्षं कोकणात उतरतं आहे. त्या पाण्यावर राजनाल्याच्या कालव्याने कर्जतमध्ये उन्हाळी भात पिकतं. याच वीजघरांची वीज मुंबईला नेणारे मनोरे १९४२ च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. माझ्या आजोबांनी ते दिवस पाहिलेले. पेजेच्या पाण्याचा विषय निघाला की ते आधी सिद्धगडाचं नाव घ्यायचे, मग भाताचं.

आज पेजेच्या काठाला सगळ्यात जास्त रिसॉर्ट आहेत ते याच बारमाही पाण्यामुळे. कोंढाण्याकडच्या उल्हासला हे वरदान नाही. ती पावसावर जगते, होळीपर्यंत आटत जाते, आणि म्हणूनच तिची सहल हंगामाची होती. हंगाम सांभाळून जाणं हा त्या सहलीचा अर्धा आनंद होता. आता लोक मेमध्ये काजवे बघायला, जूनमध्ये धबधब्याला, जानेवारीत 'कॅम्पिंग'ला येतात. वर्षभर गाड्या, वर्षभर स्पीकर. काजव्यांच्या दिवसांत राजमाचीवर रात्री हेडलाइटची रांग लागते, आणि काजवा तर अंधारातच जोडीदार शोधतो.

लेण्यात पोचलो. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे, आवार बरंच स्वच्छ आहे. खांबांवर पूर्वीपेक्षा नावं जास्त कोरलेली दिसली, पण ती कोरणारे आमच्या वेळीही होतेच. वरून थोडं पाणी झिरपत होतं. भाचीचा मुलगा आठवीत आहे. कमान बघून तो थबकला, मग त्याने सवयीने फोन काढला. मी त्याला म्हटलं, "थांब, टॉर्च लाव." यक्षाच्या डोक्याजवळच्या ओळीवर त्याला फोनचा उजेड समोरून न टाकता दगडाला जवळजवळ चिकटवून, आडवा धरायला सांगितलं. पहिल्यांदा काही दिसेना. मग त्याचा हात स्थिर झाला आणि अक्षरांच्या खाचांत सावली भरली. "अरे!" एवढंच तो म्हणाला. मग त्याने मला प्रत्येक अक्षर विचारलं. क, ण्ह, स... मी मामासारखं बोट न लावता वाचून दाखवलं. मामा तीन वर्षांपूर्वी गेला. त्या मुलाने ती ओळ वहीत उतरवून घेतली, फोटो काढूनसुद्धा.

परतताना मी जेवण वाढणाऱ्या बाईला धरणाचं विचारलं. उल्हासवर कोंढाण्याला धरण होणार हे आम्ही गेली कित्येक वर्षं ऐकतो आहोत. सिंचन प्रकल्पांच्या वाढलेल्या खर्चावरून राज्यात वादळ उठलं तेव्हा या धरणाचं नाव त्यात होतं, काम थांबलं, मग नवी मुंबईच्या बाजूच्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून प्रकल्प सिडकोकडे गेला. शहरांना पाणी लागतं, मला मान्य आहे. मी स्वतः शहरात, अशाच कुठल्यातरी खोऱ्यातून आणलेल्या पाण्यावर जगते. ती बाई म्हणाली, "होईल तवा होईल. मोजणीवाले येतात नं जातात."

धरण झालंच, तर उल्हासच्या वरच्या खोऱ्यात मोठं निश्चल पाणी उभं राहील. मग त्यावर खरोखरच होड्या येतील, तिकीटखिडकी येईल, आणि कोंढाण्याची सहल निन्ह बिन्हसारखी बोटीतून करता येईल. फोटोही सुरेख येतील. पण उतार, गोटे, वाळूची पट्टी, मुठ्यांचे दगड, तांबड्या पट्ट्याची कपार, हे त्या पाण्याच्या खाली असेल की वर, ते मला नकाशावरून समजलेलं नाही. म्हणून यंदा दिवाळीनंतर, नदी निवळली की, भाचीच्या मुलाला पात्रातून चालवत न्यायचं ठरवलं आहे. बंगल्याच्या पहारेकऱ्याचा नंबर घेऊन ठेवला आहे. वाडीत केळी आहेत, खुंट मिळतील. तराफा बांधता येणारा एक म्हातारा अजून आहे असं त्या बाईने सांगितलं. तो दिवाळीनंतर भट्टीवर जात नाही, घरीच असतो. लाइफजॅकेटं मात्र आम्ही मुंबईहून घेऊन जाणार आहोत, त्याच्यासाठीसुद्धा एक.